दुसऱ्या चहानंतरचं

दाक्षायणीला विसरायची सवय नाही. लहानपणी वळसंगच्या शाळेत एका मास्तरांनी तिला, "कानडीत पुटपुटू नकोस," म्हणून तासभर बाकावर उभं केलं होतं. ते मास्तर रिटायर झाले, त्यांना नातवंडं झाली, आणि एक दिवस एसटी स्टँडवर भेटले. दाक्षायणीनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि तब्येतीची, सुनेची, गुडघ्यांची अशी सविस्तर चौकशी अस्सल कानडीत केली. मास्तरांना एक अक्षर कळलं नाही. ते नुसती मान हलवत राहिले. त्या दिवशी दाक्षायणी घरी येऊन एक भाकरी जास्त जेवली. तर अशा बाईशी वाकडं घ्यायचं म्हणजे माणसानं चार वेळा विचार करावा. महेश्वर सरांनी एकदाही केला नाही.

आधी तिच्या घरचं सांगतो, मग सरांकडं वळू. वळसंगच्या महादेवप्पांना दोन मुली. थोरली दानम्मा, धाकटी दाक्षायणी, मधे नऊ वर्षांचं अंतर. धाकटी चार वर्षांची असताना आई गेली. तेव्हा तेरा वर्षांच्या दानम्मानं सातवीचं दप्तर खुंटीला अडकवलं ते कायमचं. धाकटीची वेणी तिनं घातली, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिनं बांधली, बारावीपर्यंत शिकवलं तेही तिनंच, बापाशी भांडून. दाक्षायणी तिला आई म्हणत नव्हती, अक्का म्हणायची, एवढाच काय तो फरक. लग्नं होऊन दोघी कुंभारीत आल्या आणि एकीनं मागच्या दारातून हाक मारली तर दुसरीच्या पुढच्या दारात ऐकू जाईल इतक्या जवळ राहिल्या. दानम्माचा नवरा लवकर वारला. दाक्षायणीचा नवरा चनबसप्पा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आहे. दिवसभर खटखट ऐकून आल्यावर तो घरात कुणाशीच बोलत नाही, तेव्हा त्याचं या गोष्टीत काही काम नाही.

दानम्मा घरी बसून टॉवेलच्या कडा शिवायची. कुंभारीत अशा दीड-दोनशे बायका होत्या. सकाळी कारखान्याच्या टेम्पोतून गठ्ठे यायचे, संध्याकाळी शिवलेले परत जायचे. दाक्षायणी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, त्याच कारखान्यात चेकिंगला होती. टॉवेल उजेडाकडं धरून खोट हुडकायची, हे तिचं काम. शिवाय जीभ चार ठिकाणची. कानडी घरची, मराठी शाळेची, तेलुगू लूमवरच्या बायकांकडून उचललेली आणि दखनी उर्दू रिक्षावाल्यांशी भांडून भांडून पक्की झालेली.

आता सर. सोलापुरातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. चाळिशीचे, गोड बोलणारे, आणि सहा वर्षं पीएच.डी.त अडकलेले. विषय असा की ऐकणाऱ्याला आधी जांभईच यावी. युरोपातले देश एकत्र बसून सगळ्यांसाठी मिळून नियम करतात, ते नियम घडतात कसे आणि त्यांचा अर्थ कोण काय लावतं, हा विषय. तेव्हा तिकडं एका नियमाचा मसुदा फिरत होता. तिकडं जो टॉवेल विकायचा, तो कुठल्या छपराखाली विणला आणि कुणाच्या हातानं शिवला, हे विकणाऱ्याला माहीत पाहिजे. ऐकायला चांगलाच की. पण दानम्माचं छप्पर कुठल्या कागदावर होतं? कुठल्याच नाही.

कारखान्यात चौकशीला आले तेव्हा चार भाषा बोलणारी दाक्षायणी त्यांना सापडली. सर म्हणायचे, "दाक्षायणीबाई, नियम म्हणजे नुसता छापलेला कागद नव्हे. तिकडं लिहिणारा साहेब त्याला एक समजतो, इथला मालक दुसरं समजतो, कडा शिवणारी बाई तिसरंच समजते. या समजुतींतून धोरण उभं राहतं. म्हणून आपण डोकी मोजायची नाहीत. समोर बसायचं आणि माणूस त्याचा काय अर्थ लावतो ते त्याच्याच शब्दांत ऐकायचं." याला त्यांच्यात अन्वयार्थी पद्धत म्हणतात. दाक्षायणीला ते फार आवडलं. जन्मभर तिनं हेच केलं होतं, फक्त त्याला नाव आहे हे ठाऊक नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ती सरांबरोबर हिंडायला लागली. तिच्याच फोनवर बोलणं टेप करायची, घरी ऐकून चारही भाषांतलं मराठीत उतरवायची आणि सरांना पाठवायची. दोन वर्षांत चाळीस घरं झाली. सर म्हणाले, प्रबंधावर सहसंशोधक म्हणून तुमचं नाव घालतो. तसं घालता येतं की नाही हे तिला काय ठाऊक? ती हरखली. बारावी पास बाई, हरखणारच.

पहिल्याच आठवड्यात तिनं सरांना एक गोष्ट शिकवली. आपल्याकडं कुणी वही-पिशवीवाला दारात आला की माणूस आधी म्हणतो, "एल्ला चलो अद." म्हणजे सगळं बरं हाय. नवरा हॉस्पिटलात असला तरी बरं हाय, छप्पर गळत असलं तरी बरं हाय. पाहुण्याला दुःख वाढायचं नाही, अशी आपली रीत. पहिला चहा होतो तो असा वरवरच्या बोलण्यात. मग पाहुणा उठतो की बसून राहतो, हे घरची बाई बघते. बसून राहिला तर ती आपणहून उठते, परत भांडं ठेवते, आणि दुसरा चहा घेऊन टेकली की मग खरं बोलते. "सर, पहिल्या चहापर्यंतचं वहीत घेऊच नका," दाक्षायणी म्हणाली, "ते सगळं पाहुण्यासाठी असतं." सरांनी डायरी काढून ते लिहून घेतलं. अगदी तारीख घालून लिहून घेतलं.

एकेचाळिसावं घर दानम्माचं. म्हणजे तिचं आधीच व्हायचं, पण घरातलं म्हणून मागं राहिलेलं. त्या दिवशी सर घाईत होते. तिकडून मसुद्यावर सगळ्यांची मतं मागवली होती आणि संध्याकाळी साडेपाचला एका परदेशी संस्थेशी ऑनलाइन बैठकीत सरांना सोलापूरची बाजू मांडायची होती. दानम्मानं चहा दिला. बोलणं झालं. निघाले. दाक्षायणीनं दारातूनच टेप सरांच्या फोनवर पाठवली आणि ती कामाला लागली. तेवढी एकच टेप सरांनी स्वतः, आपल्या कामापुरत्या कानडीवर, उतरवून घेतली.

पंधरा दिवसांनी पेपरात आलं: घरी शिवणाऱ्या महिलांकडून युरोपच्या नियमाचं स्वागत. खाली दानम्माचा फोटो, मशीनवर हात ठेवलेला. सरांनी त्या दिवशी काढला होता. मजकुरात लिहिलं होतं, या स्त्रिया त्या नियमाकडं घरातल्या थोरल्या माणसाच्या धाकासारखं बघतात, त्यात त्यांना आपुलकी वाटते. साडेपाचच्या बैठकीतही सरांनी हेच वाचून दाखवलेलं.

नियम अजून झालाही नव्हता. पण टॉवेल कोण, कुठं शिवतं असं विचारणारी तिकडच्या गिऱ्हाइकांची पत्रं मालकाला यायला लागली होती आणि घरोघर गठ्ठे धाडणं त्याला नकोच होतं. महिनाभरात टेम्पो बंद झाला. बायका जाब विचारायला गेल्या. पुढं होती म्हाळसाबाई, धनगराची, आवाज असा की माळावरच्या मेंढ्या परत फिराव्यात. मालकानं टेबलाच्या काचेखालचं कात्रण काढून तिच्यासमोर धरलं. "तुमच्याच बाईनं सांगितलंय, हे बरं आहे म्हणून. फोटो बघा की."

त्या दिवसापासून कुंभारीत दानम्माशी कुणी बोललं नाही. भांडलं असतं तर बरं झालं असतं. पण भांडायलाही कुणी आलं नाही. पाण्याला गेली की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या. नागपंचमीला तिला हाक नाही. म्हाळसाबाईच्या लेकीचं, सोनालीचं लग्न झालं, अख्ख्या गल्लीला अक्षता दिल्या आणि तिचं दार सोडून पुढच्या दारात गेल्या. दानम्मानं चार महिने काढले आणि एक दिवस मशीनवर चादर घालून, दाराला कुलूप लावून ती वळसंगला गेली, बापाच्या शेतातल्या दोन खोल्यांत. दाक्षायणी टमटमपर्यंत पिशवी घेऊन गेली. दानम्मा वाटेत एवढंच म्हणाली, "मी काय वाईट बोलले गं?"

तिथं दाक्षायणीनं डूख धरला.

ती सरांशी भांडली नाही. सरांना कुंभारीतलं काही ठाऊकही नव्हतं. माणसं विचारून झाल्यावर परत फिरकायचं असतं, हे त्यांच्या पद्धतीत कुठंतरी असेलही, पायांत नव्हतं. त्यांचा फोन यायचा, "दाक्षायणीबाई, परिशिष्टातली कानडी नावं तपासून द्याल?" ती म्हणायची, "देते की सर." आणि एक काना-मात्रा चुकू न देता तपासून द्यायची. तिला तो प्रबंध पुरा व्हायला हवा होता. छापलेला, बांधलेला, वर सोनेरी अक्षरं असलेला. अर्धवट भिंत पाडण्यात काय मजा? एकट्यात शिव्या घालूनही तिचं समाधान होणार नव्हतं. अक्काची अब्रू चारचौघांत गेली, तर याचीही चारचौघांतच जायला पाहिजे, असं तिनं मनाशी घट्ट बांधून टाकलं. चेकिंगच्या टेबलाशी टॉवेल उजेडाकडं धरताना ती रोज थोडं थोडं ठरवत होती, काय विचारायचं, कुठल्या सुरात विचारायचं. तिला ते गोड लागायला लागलं होतं. खोटं कशाला सांगू, चौदा महिने त्या रागानं तिला चांगलं सांभाळलं.

मग एक दिवस परिशिष्टाबरोबर सरांनी चुकून पद्धतीचं प्रकरणही पाठवलं. पान एकशे बारा. तिथं लिहिलं होतं: "या भागात दुसऱ्या चहानंतरच खरं बोललं जातं, हे प्रस्तुत संशोधकाच्या निदर्शनास आलं. म्हणून या प्रबंधातलं प्रत्येक कथन दुसऱ्या चहानंतरचंच आहे." दाक्षायणीनं ते तीनदा वाचलं. तिची गोष्ट, तिच्या तोंडची, आणि ती सरांच्या निदर्शनास आली. पण तिला हसू आलं ते दुसऱ्या वाक्याचं. प्रत्येक कथन! अक्काच्या घरी तर एकच चहा झाला होता. इतके महिने ती शोधत होती ती खोट सरांनी आपल्या हातानं टाइप करून पाठवली होती.

प्रबंध बांधून जमा झाला. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा खुली असते. नोटीस लागते, कुणीही येऊन बसावं, कुणीही विचारावं. दाक्षायणीनं फोन केला. "सर, आम्ही आलो तर चालेल का? कुंभारीच्या बायका म्हणतात, सरांचं कौतुक बघायचंय." सर इतके खूश झाले की त्यांनी गाडी पाठवतो म्हणून सांगितलं. "ज्यांचा आवाज, ते समोर पाहिजेतच."

बायकांना तयार करणं सोपं होतं. म्हाळसाबाईला सांगितलं, तुझं काम कुणी घालवलं ते बघायचं असंल तर चल. दानम्माला आणणं अवघड गेलं. दाक्षायणी वळसंगला जाऊन बसली, पाया पडली. "अक्का, एवढं एकदा चल. तुझं नाव त्या सगळ्यांच्या समोर धुऊन देते, मगच तोंड दाखवीन." शेवटी दानम्मा हो म्हणाली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. दुपारी भांडी घासून झाल्यावर दाक्षायणीनं अक्काच्या घरची ती टेप पहिल्यांदा ऐकायला घेतली. लागणार होती दोनच गोष्टींसाठी: कपांचा आवाज एकदाच येतो हे आणि शेवटी सर उठतात ते. मूळ टेप तिच्या फोनमध्ये तशीच होती. तिनं फोन मांडीजवळ ठेवला आणि सुपारी कातरत बसली.

सरांचा प्रश्न. मग दानम्मा, कानडीत, तिच्या नेहमीच्या सावकाश आवाजात. "सगळं बरं हाय सर. कायदा म्हंजी घरातल्या थोरल्या माणसाचा धाक. भल्याचाच असणार की." कपबशी खाली ठेवल्याचा आवाज. मग थोडी शांतता. मग दानम्माच परत, जरा हळू: "पण सर, एक सांगू का? त्या कायद्यात माझ्या घराचं..."

आणि मधेच दुसरा आवाज. घाईचा, लाडीगोडीचा. "अक्का, राहू दे गं. सरांना उशीर होतोय. चला सर, झालं. तिनं सगळं सांगितलं."

दाक्षायणीच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. तो आवाज तिचा होता.

तिला ते आठवतच नव्हतं. जी बाई चाळीस वर्षांपूर्वीचा बाक विसरली नाही, तिला हे आठवत नव्हतं. तिनं परत ऐकलं. परत तेच. सर अजून बसलेले होते. खुर्ची सरकल्याचा आवाज तिच्या वाक्यानंतर येत होता, आधी नाही. म्हणजे सरांनी घड्याळाकडं बघितलं असेल फार तर. अक्काचं तोंड बंद केलं होतं तिनं. सहसंशोधक! दाक्षायणीनं स्वतःला एक शिवी दिली, मोठ्यानं, रिकाम्या घरात. मग ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि मनात म्हणाली, म्हणून काय झालं? पान एकशे बारा मी लिहिलेलं नाही.

टेप कापायला तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. दोन वर्षं सरांसाठी पहिल्या चहापर्यंतचं बोलणं ती कापतच आली होती. कपबशीच्या आवाजापर्यंत ठेवायचं, पुढचं उडवायचं. दोन मिनिटांत झालं. एक चहा, थोरल्या माणसाचा धाक, संपलं. सरांना गाडायला तेवढं पुरेसं होतं. फोनमध्ये आता दोन टेपा झाल्या, एकाखाली एक. संध्याकाळी तिनं इरकली साडीला इस्त्री केली, आणि चांगली दोनदा केली.

कॉलेजचा हॉल भरला होता. पुढं सरांचे गाईड, शेजारी धारवाडहून आलेल्या परीक्षक बाई, बारीक चष्म्याच्या. मधल्या रांगांत प्राध्यापक मंडळी. मागं कुंभारीच्या अठरा बायका, आणि त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून, एकटी, दानम्मा. सर बोलले मात्र छान. पडद्यावर चित्रं दाखवली. ब्रसेल्समधली, नियम करणाऱ्यांची काचेची इमारत, इथली लूम, आणि मधे दानम्माचा तो फोटो. "या माउलीनं मला धोरणाचा खरा अर्थ शिकवला," असं म्हणून त्यांनी मागं हात केला. टाळ्या पडल्या. अठरा बायकांनी हात मांडीवरून उचलले नाहीत.

"श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?" गाईडनी विचारलं. असं विचारायची रीत असते. कुणी विचारत नाही.

दाक्षायणी उठली. "सर, मी दाक्षायणी. चाळीस टेपा मी उतरवल्या. तुम्ही पान एकशे बारावर लिहिलंय की प्रत्येक बोलणं दुसऱ्या चहानंतरचं आहे. माझ्या अक्काच्या घरी तुम्ही किती चहा घेतले?"

मधल्या रांगांत कुणीतरी खुसकन हसलं. सरही हसले. पण परीक्षक बाई हसल्या नाहीत. त्यांनी पान एकशे बारा उघडलं.

"बाई जरा भावनेच्या भरात आहेत," सर समितीकडं वळून म्हणाले. "फील्डवर शंभर गोष्टी घडतात. सगळ्याच घेता येत नाहीत. संशोधकाला निवड करावी लागते, आणि ती त्यानं अभ्यासानं केलेली असते."

"माझ्याकडं टेप आहे," दाक्षायणी म्हणाली.

"लावा," परीक्षक बाई म्हणाल्या. "कानडी मला कळतं."

दाक्षायणीनं फोन काढला. दोन टेपा, एकाखाली एक. अंगठा वर धरून ती क्षणभर थांबली. सरांचा तो शब्द तिच्या कानात तसाच होता. निवड. काल दुपारी सुपारी बाजूला सारून तिनं काय केलं होतं? तेच की. याला मारायला याचंच हत्यार हातात घ्यायचं, म्हणजे हा पडल्यावरसुद्धा आतून हसणार, असं तिला वाटलं. तिनं मागं बघितलं. दानम्मा तिच्याकडंच बघत होती, लहानपणी शाळेच्या दारात सोडून निघताना बघायची तशी. दाक्षायणीनं अख्खी टेप लावली आणि माईकला फोन टेकवला.

हॉलमध्ये दानम्माचा आवाज आला. थोरल्या माणसाचा धाक. कपबशी. शांतता. पण सर, एक सांगू का. त्या कायद्यात माझ्या घराचं. आणि मग दाक्षायणीची लाडीगोडी, भिंतीवरच्या दोन्ही स्पीकरमधून. तिनं सगळं सांगितलं. टेप संपली.

सर पहिले भानावर आले. "ऐकलंत? यांनीच थांबवलं. मी नाही!" त्यांचं बोट दाक्षायणीकडं रोखलेलं होतं.

"व्हय," दाक्षायणी म्हणाली. रागात तिची शाळेची मराठी गळून पडली होती. "मी थांबवलं. सख्ख्या भैणीला मी गप केलं, ते मी लिवून देते, हितं सगळ्यांच्या समोर अंगठा बी लावते. तुमी काय लिवून दिलंय ते तुमी सांगा. एकशे बारा पानावर. माझ्या अक्काचा दुसरा चहा कुटं हाय, तो दाखवा."

सरांनी गाईडकडं बघितलं. गाईडनी पाण्याच्या ग्लासाकडं बघितलं. परीक्षक बाईंनी शांतपणे विचारलं, "महेश्वर, हे वाक्य तुम्ही त्या बाईंना परत जाऊन वाचून दाखवलं होतं का?" सर म्हणाले, वेळ नव्हता. "मग पेपरात द्यायला वेळ कसा मिळाला?" बाईंनी विचारलं. कपाळावरचा घाम सरांनी टायनं पुसला. रुमाल खिशात होता, हे त्यांना सुचलं नाही. दाक्षायणीनं ते डोळे भरून बघितलं. चौदा महिन्यांचं उपाशी माणूस जेवतं तसं बघितलं.

पदवीची शिफारस त्या दिवशी झाली नाही. समितीनं लिहिलं, एकूण एक घरी परत जावं, त्यांचं बोलणं त्यांना वाचून दाखवावं, त्यांनी मान्य केलं तरच ठेवावं. म्हणजे एकेचाळीस उंबरे, आणि या वेळी दारातच सगळे ओळखणार. मागच्या रांगेत म्हाळसाबाई उठली, दोन खुर्च्या ओलांडून दानम्माजवळ गेली आणि खाली तिच्या पायाशीच बसली. "चुकलं बाई आमचं," ती म्हणाली. "तू तोंड उघडलं हुतंस. आमाला काय म्हाईत?" बाकीच्याही सरकल्या. एकीनं दानम्माच्या पाठीवर हात ठेवला, एकीनं तिची पिशवी घेतली. मग म्हाळसाबाईनं मान वळवून दाक्षायणीकडं बघितलं. "आणि तू गं? तू तितंच हुतीस की."

दाक्षायणीला वाटलं, अक्का आता मधे बोलेल. जाऊ दे, लहान हाय, असं काहीतरी म्हणेल, जन्मभर म्हणत आली तसं. दानम्मा बायकांबरोबर गाडीत जाऊन बसली. गाडी सरांनीच पाठवली होती.

पुढच्या आठवड्यात म्हाळसाबाई वळसंगला दानम्माकडं जाऊन आली. सकाळी गेली ती ऊन उतरल्यावर परतली. नळावर तिनं बायकांना सांगितलं, दानम्मा लई बोलली, मन मोकळं केलं, बसले तवा दोन चहा झाले, उठता उठता तिसरा. त्या दिवशी टेपमध्ये जे राहिलं होतं तेही सांगितलं. दाक्षायणी हंडा तसाच ठेवून तिच्याजवळ गेली. "काय म्हणाली गं?" म्हाळसाबाईनं तिला एकदा नीट बघून घेतलं. "तुला ती सांगंल की. तुजी भैण हाय, मी कशाला सांगू?"

दाक्षायणी रविवारी गेली. दानम्मानं दारात येऊन पिशवी घेतली, पाय धुवायला पाणी दिलं, सतरंजी अंथरली. सतरंजी दाक्षायणीसाठी कधी अंथरली जात नसे. ती भुईवरच बसायची. चनबसप्पा कसा आहे, कारखाना कसा आहे, सगळं विचारून झालं. चहा आला, नव्या कपांत.

दाक्षायणीनं चहा संपवला आणि कप बाजूला ठेवला. "अक्का," ती म्हणाली, "सरांनी प्रबंधातून तुझं नाव काढून टाकलं. पेपरात खुलासा यायचाय. मी सांगितलं होतं ना, धुऊन देईन म्हणून."

"व्हय. चांगलं केलंस."

"अक्का, त्या दिवशी तू काय सांगणार होतीस? सरांना. मी मधे बोलले तेव्हा."

दानम्मा दारातून बाहेर बघत होती. तुरीच्या ओळीत कुणाची तरी शेळी शिरली होती. तिनं तिकडं एक खडा मारला. मग वळून दाक्षायणीकडं बघून हसली. ते हसू दाक्षायणीनं कुंभारीतल्या चाळीस घरांत बघितलेलं होतं, वही-पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी असताना.

"काय न्हाय गं," दानम्मा म्हणाली. "एल्ला चलो अद."

दाक्षायणी बसून राहिली. ऊन दाराच्या चौकटीवरून उंबऱ्यावर आलं, उंबऱ्यावरून आत आलं. दानम्मा उठली, दोन्ही कप उचलले, मोरीत नेऊन विसळले, पुसले आणि फळीवर पालथे घातले. मग पदराला हात पुसत ती बाहेर आली आणि म्हणाली, चारची एसटी धरलीस तर बसायला जागा मिळंल.